बाबेलची वीट आणि मुलीचा साखरपुडा

वाचक भगिनीचं पत्र:

पाळकसाहेब, सलाम. मी संगमनेर तालुक्यातली. आमचे हे एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. माणूस देवभीरू, निर्व्यसनी. पण गेली दोन वर्षं दिवसभर मोबाइलवर भविष्यवाण्यांचे व्हिडिओ चालू असतात. दोनशे पानी वही भरलीय. कुठलं राष्ट्र म्हणजे कुठला पशू, कुठलं युद्ध कुठल्या वचनात, सगळं लाल-निळ्या पेनाने. मुलीचं लग्न ठरत आलंय, पाहुणे साखरपुड्याची तारीख मागतायत, हे म्हणतात, "आता कशाला, काळ जवळ आलाय." वरच्या खोलीचा स्लॅबही तसाच अडकलाय. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो, "पप्पा, थोतांड आहे सगळं," की दोघांची जुंपते. टीव्हीवर बॉम्बने पडलेली इमारत दाखवली की हे टाळी वाजवतात, "बघ, पूर्ण झालं!" मला ते बघवत नाही. खरं सांगू का, माझाही एक प्रश्न आहे. परवा वाचनात आलं की देव बाबेलच्या राजाला, नबुखद्नेस्सराला, "माझा सेवक" म्हणतो. ज्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं, त्याला? म्हणजे जो जिंकेल त्याच्या बाजूने देव असतो का? असं विचारणं पाप असेल तर माफी असावी. आणि ती वही एकदा चुलीत घालावीशी वाटते. घालू का?
– एक बहीण

प्रिय ताई,

सलाम. माफी कसली मागता? तुमचा हा प्रश्न हबक्कूक संदेष्ट्याने तुमच्या आधी अडीच हजार वर्षांपूर्वी विचारलाय, आणि तुमच्यापेक्षा चढ्या आवाजात. "दुष्ट माणूस आपल्याहून बऱ्या माणसाला गिळतोय आणि तू गप्प बघतोस कसा?" असं तो सरळ देवाला विचारतो. विचारून वर बुरुजावर जाऊन उभा राहतो, बघू या काय उत्तर देतो म्हणून. त्या माणसाचं पुस्तक पवित्र शास्त्रात आहे. तेव्हा पापाचं मनातून काढून टाका.

तुमचा प्रश्न आधी घेतो, मिस्टरांचा नंतर. त्यांच्या वहीवरचं औषध तुमच्याच प्रश्नात आहे.

"माझा सेवक" हे शब्द यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात नबुखद्नेस्सराबद्दल तीन वेळा येतात, पंचविसाव्या, सत्ताविसाव्या आणि त्रेचाळिसाव्या अध्यायात. मी तुम्हाला सत्ताविसावा वाचायला सांगेन, कारण त्यात एक चित्र आहे. इ.स.पू. 597 साली बाबेलने यरुशलेम एकदा घेतलेलं आहे. जुन्या राजाला, कारागिरांना, बड्या घराण्यांना धरून नेलंय, आणि सिद्कीयाला गादीवर बसवलंय, नावापुरता. मंदिर अजून उभं आहे. ते जळायला आणखी सातेक वर्षं आहेत. अशात अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन या पाच राजांचे वकील यरुशलेमात जमलेत. बहुधा बंडाची मसलत. आणि तिथे यिर्मया येतो तो मानेवर जू घेऊन. लाकडाचं, दोरांनी बांधलेलं. बैलाच्या मानेवर असतं ते. तुमच्याकडे घरचे बैल असतील किंवा माहेरी असतील, तर जू किती जड असतं आणि वशिंडाखाली कातडी कशी घट्टे पडून राठ होते ते तुम्हाला सांगायला नको.

त्या अवतारात तो परराष्ट्रांच्या वकिलांना सांगतो, तुमच्या धन्यांना जाऊन सांगा: देव म्हणतो, पृथ्वी, माणसं, जनावरं मी निर्माण केली, ती कुणाच्या हाती द्यायची हे मी ठरवतो, आणि सध्या मी ती माझा सेवक नबुखद्नेस्सर याच्या हाती दिलीत. रानातली जनावरंसुद्धा. लगेच पुढच्या ओळीत एक अट: त्याच्या देशाची वेळ येईपर्यंत. मग त्यालाच दुसरे राबवतील.

ही अट आपण वाचत नाही. "सेवक" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोशे येतो, दावीद येतो, आवडता माणूस येतो. इथे तसं नाही. इथला सेवक म्हणजे सालगडी समजा. पाडव्याला ठरलेला, पुढच्या पाडव्याला हिशोब होणारा. ही उपमा मी ओढूनताणून आणत नाही. यहेज्केलाच्या एकोणतिसाव्या अध्यायात देव अक्षरशः नबुखद्नेस्सराच्या मजुरीचा हिशोब करतो. सोर हे समुद्रातलं शहर घ्यायला त्याच्या फौजेने इतकं ओझं वाहिलं की एकेकाचं डोकं टकलं झालं, खांदे सोलून निघाले, आणि हाती काहीच लागलं नाही. जोसेफस या यहुदी इतिहासकाराने त्या वेढ्याची तेरा वर्षं सांगितली आहेत. तर देव म्हणतो, याची मजुरी राहिली, याला मिसर, म्हणजे इजिप्त, देऊन टाका. जगाचा सर्वांत मोठा सम्राट, आणि शास्त्रात त्याचं स्थान काय, तर रोजंदारी थकलेला गडी! मला हा अध्याय फार आवडतो. संदेशासाठी कुणी निवडत नाही, का कोण जाणे.

आणि सालगड्याने मालकाचं काम केलं म्हणून त्याने वाटेत केलेल्या मारहाणीला माफी मिळते असं नाही. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी यिर्मयाने आणखी एक गोष्ट केली. बाबेलच्या नाशाबद्दलचं सगळं एका गुंडाळीत लिहिलं आणि बाबेलला निघालेल्या सराया नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती दिलं. तिथे पोहोचल्यावर वाचायचं, वाचून झालं की गुंडाळीला धोंडा बांधायचा आणि फरात नदीत टाकून द्यायची. बाबेल अशीच बुडेल आणि वर येणार नाही, असं म्हणायचं. एकावन्नाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. जू आणि धोंडा, दोन्ही एकाच संदेष्ट्याचे. लोकांनी त्याला जूवरून देशद्रोही ठरवलं; धोंड्याची गोष्ट त्यांना माहीत असती तर काय म्हटलं असतं?

यशयाचा दहावा अध्याय हेच अश्शूरबद्दल, म्हणजे बाबेलच्या आधीच्या साम्राज्याबद्दल, सांगतो. अश्शूर म्हणजे माझ्या रागाची काठी, असं देव म्हणतो आणि लागलीच जोडतो की काठीच्या मनात तसं काही नाही. तिला फक्त राष्ट्रं कापून काढायचीत. मग तो विचारतो, कुऱ्हाड तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारते काय? आपल्याकडे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो. यशयाची कुऱ्हाड त्याहून खुळी, ती लाकूडतोड्याशीच वाद घालते. अश्शूरने इ.स.पू. 722 च्या सुमाराला उत्तरेकडच्या इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली. 701 साली त्यांचा राजा सन्हेरीब यहूदावर आला, आणि यहूदाच्या राजाला, हिज्कीयाला, पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला असं त्याने स्वतःच कोरून ठेवलंय. त्यानंतर शंभर वर्षंही झाली नाहीत तोच, 612 साली अश्शूरची राजधानी निनवे पडलं.

तेव्हा, ताई, देव जिंकणाऱ्याच्या बाजूने असतो का? नाही. जिंकणाऱ्याच्या हातात जे आहे ते त्याचं नाही, एवढंच संदेष्टे सांगतात. जिंकणाऱ्याला ते पटत नाही, म्हणून त्याला सांगावं लागतं.

मी हे आज शहाणपणाने लिहितोय, पण एके काळी तुमच्या मिस्टरांची वही माझ्याकडेही होती. वही नाही, मांजरपाटाचा आठ फुटी पडदा. जानेवारी 1991. आखातात युद्ध पेटलेलं, मी पस्तिशीचा, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीचा पाळक. सद्दाम हुसेनने बाबेलच्या अवशेषांवर नव्याने भिंती उभारल्याची बातमी वाचली आणि माझी झोप उडाली. बाबेल पुन्हा उभी राहतेय! त्या पडद्यावर दानीएलाची मूर्ती रंगवली, सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडाचे पाय, माती मिसळलेली पावलं. बोटाबोटाला देशांची नावं लिहिली. तीन रविवार संदेश दिला. चर्च भरून लोक. चौथ्या रविवारी उपासना झाल्यावर एक म्हातारी बाई जवळ आल्या, लुगड्याच्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "पाळकसाहेब, मग पावसाळ्यात बाजरी पेरायची का नाही?"

टिंगल नव्हती त्यात. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं, कारण बियाणं जपून ठेवायचं की दळून खायचं हे ठरवायचं होतं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. युद्ध फेब्रुवारीत संपलं. पडदा मी पत्र्याच्या पेटीखाली घातला आणि पुढे तो भांडी झाकायला गेला.

पण खरी गंमत मला पुष्कळ नंतर कळली. सद्दामने त्या नव्या भिंतींच्या विटांवर स्वतःचं नाव छापून घेतलं होतं. आणि खाली, अडीच हजार वर्षं जुन्या विटांवर कुणाचं नाव होतं? नबुखद्नेस्सराचं. "बाबेलचा राजा, नबोपलास्सराचा थोरला मुलगा." हजारो विटांवर तोच शिक्का. आता दानीएलाचा चौथा अध्याय काढा. राजा राजवाड्याच्या गच्चीवर फिरतोय आणि म्हणतोय, ही थोर बाबेल मी माझ्या बळाने बांधली ना? शब्द तोंडात आहेत तोवर त्याचं राज्य जातं, आणि तो बैलासारखं गवत खायला लागतो. मी आठ फुटी पडद्यावर देशांची नावं लिहीत होतो, आणि गोष्ट होती विटेवरच्या नावाची. "मी बांधलं" या दोन शब्दांची.

त्या अध्यायात दानीएल राजाला तारीख सांगत बसत नाही. गरिबांवर दया कर, म्हणजे कदाचित तुझं बरं काही दिवस टिकेल, असा सल्ला देतो. सत्ताविसावं वचन आहे. तुमच्या मिस्टरांच्या वहीत हे वचन कुठे आहे का, बघा. माझ्या पडद्यावर नव्हतं.

आपल्या भाषेनेही थोडा घोळ केलाय. आपण "भविष्यवाणी" म्हणतो आणि मनात रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य येतं: या आठवड्यात रशिया, पुढच्या आठवड्यात इराण. शास्त्रातला शब्द आहे संदेष्टा, निरोप्या. पोस्टमनने तार आणून दिली तर आपण त्याला पुढच्या महिन्याचं हवामान विचारत नाही. आणि निरोपात बऱ्याचदा "जर" असतो. यिर्मयाचा अठरावा अध्याय, कुंभाराच्या घरचा: मी एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन म्हणालो आणि ते राष्ट्र फिरलं, तर मीही फिरेन. योनाने निनवेत "चाळीस दिवस" अशी चोख मुदत सांगितली होती. चाळिसावा दिवस आला नि गेला, कारण लोक फिरले. योनाचा त्यावर एवढा संताप झाला की मरण बरं म्हणाला. भविष्य खोटं ठरल्याचा राग! आणि देव त्याला विचारतो, त्या शहरात एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, शिवाय गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये काय? पुस्तक तिथेच संपतं, प्रश्नावर.

यावरून तुमच्या पत्रातल्या त्या टाळीकडे येतो. मला खरी काळजी तिची वाटते, वहीची नाही. बॉम्बने पडलेली इमारत बघून "पूर्ण झालं" म्हणणाऱ्या माणसाने संदेष्टे अर्धेच वाचलेत. यशया मवाबाचा नाश सांगतो, मवाब शत्रू, आणि त्याच अध्यायात तो मवाबाच्या द्राक्षमळ्यांसाठी रडतो, माझ्या आसवांनी तुला भिजवीन म्हणतो. यिर्मया त्याच मवाबासाठी म्हणतो, माझं काळीज बासरीसारखं रुदन करतंय. निरोप कडक, पण आणणाऱ्याचे डोळे ओले. आपण भारतातले ख्रिस्ती मूठभर. राष्ट्रांचा न्याय होणार हे वाचून आपल्याला कधी कधी जरा जास्तच बरं वाटतं. मलाही वाटलंय. तेव्हा योना आठवावा.

आमोसाचे पहिले दोन अध्यायही मिस्टरांबरोबर वाचा. हा तकोवाचा गुराखी. तो दिमिष्कापासून, म्हणजे दमास्कसपासून, सुरू करतो: यांनी गिलादावर लोखंडी दात्यांची मळणी फिरवली. मग गज्जा, सोर, अदोम. अम्मोन: सीमा वाढवायला गिलादातल्या गरोदर बायांची पोटं फाडली. मग मवाबावर दोष काय, तर अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. यात इस्राएलाचा काहीच संबंध नाही, बघा! एका परक्या राष्ट्राने दुसऱ्या परक्या राष्ट्राच्या मेलेल्या राजाची विटंबना केली, त्याचाही हिशोब देवाकडे मांडलेला आहे. ऐकणारे खूश असणार, वर्तुळ शेजाऱ्यांभोवती फिरतंय म्हणून. मग ते यहूदावर येतं, आणि शेवटी ऐकणाऱ्यांच्याच अंगावर: तुम्ही गरिबाला जोड्याच्या किमतीला विकता. नवव्या अध्यायात तर तो म्हणतो, तुम्हाला मिसरातून आणलं तसं मी पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणलं नाही काय? पलिष्टी! ज्यांच्या गल्याथाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये टाळ्या वाजवून सांगतो, त्यांचंही निर्गमन त्याच देवाने केलेलं. आणि यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी देव मिसराला "माझी प्रजा" आणि अश्शूराला "माझ्या हातचं काम" म्हणतो. त्या कुऱ्हाडीला. या वचनाला कुठल्या चार्टमध्ये कुठला रंग द्यायचा?

कोरेशाबद्दल थोडं सांगतो, मग घरातल्या गोष्टीकडे वळू. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव पारसाच्या राजाला, कोरेशाला, "माझा अभिषिक्त" म्हणतो आणि दोनदा म्हणतो, तू मला ओळखत नसतानाही. या कोरेशाने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल घेतली, आणि यहुद्यांना घरी जाऊन मंदिर बांधायची मोकळीक मिळाली. त्याच्या नावचा मातीचा लेख 1879 साली बाबेलच्या ढिगाऱ्यात सापडला. तो लंडनला असतो, पण 2013 च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणला होता. मी मुद्दाम गेलो होतो. वस्तू केवढी, तर वीतभर, मधे फुगीर, लहानशा मृदंगासारखी, आणि अंगभर मुंग्या चालाव्यात तशी अक्षरं. त्यात लिहिलंय की कोरेशाला मर्दुकाने, म्हणजे बाबेलच्या देवाने, निवडलं. काचेपलीकडे ते बघताना क्षणभर मी गोंधळलो. मग यशयाचं ते वाक्य आठवलं, तू मला ओळखत नसतानाही. संदेष्ट्याने कोरेशाला आपल्या धर्मात ओढला नाही, त्याच्याकडून साक्ष मागितली नाही, तो चांगला माणूस आहे असंही म्हटलं नाही. काम सांगितलं. आजच्या एखाद्या पुढाऱ्याला "आपला कोरेश" म्हणून डोक्यावर घेणारे व्हिडिओ येतात, जगभरातून येतात, ते पाहिले की मला वाटतं, अभिषिक्त शब्द यांनी धरला आणि ओळखत नसतानाही हे दोन शब्द सोडून दिले.

आता मिस्टर. त्यांच्या वहीत रशिया नक्की असणार, यहेज्केल अडतीसमधून. मेशेख म्हणजे मॉस्को, असं. मेशेख आणि तुबाल ही नावं अश्शूरी लेखांत सापडतात; ती माणसं आजच्या तुर्कस्तानच्या पठारावरची. मॉस्कोचा पहिला उल्लेख 1147 सालचा आहे. आवाजाच्या साम्यावर जायचं तर आपलं बाभुळगावसुद्धा बाबेल होईल. हे त्यांना हसून सांगा, जिंकायला सांगू नका. कंडक्टरकी केलेला माणूस आहे. गाडी सुटायची वेळ आणि पोहोचायची वेळ यांवर त्यांची हयात गेलीय. वेळापत्रकाशिवाय त्यांना करमत नसेल तर नवल नाही. निवृत्तीनंतर घंटी वाजवायला काही उरत नाही, आणि मोबाइल रोज सांगतो की शेवटचा स्टॉप तुम्हालाच माहीत आहे. त्यामागे भीती असते, थोडा मोठेपणाही असतो. मी दोन्ही ओळखतो.

तारखा काढणारे फार झाले. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी दानीएलातल्या आकड्यांवरून 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. 23 तारीख उजाडली. खुद्द शिष्यांनी प्रभूला ऑलिव्ह डोंगरावर विचारलं होतं, राज्य आता परत देणार का, तेव्हा उत्तर मिळालं की काळ-समय जाणणं तुमच्याकडे नाही. आणि लगेच काम सांगितलं, साक्षी व्हा.

पण त्यांच्याशी मुलीच्या लग्नाबद्दल बोलताना मिलर नको, प्रेषितांची कृत्यं पण नको. यिर्मयाच काढा. त्या जूच्या गोष्टीचा पुढचा भाग अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर म्हणाला, दोन वर्षांत बाबेलचं जू मोडणार, सगळे परत येणार. यिर्मया काय म्हणाला माहीत आहे? "आमेन, देव तसंच करो." म्हणजे आपलं "तुझ्या तोंडात साखर पडो". मग हनन्याने त्याच्या मानेवरचं जू ओढून मोडलं, आणि यिर्मया वाद न घालता आपल्या वाटेने निघून गेला. (मुलाला हे वाक्य दोनदा वाचायला सांगा.) पुढे देवाने निरोप दिला की लाकडाचं मोडलंत, आता लोखंडाचं येईल. दोन वर्षांची तारीख देणारा हनन्या त्याच वर्षी वारला.

एकोणतिसाव्या अध्यायात यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना पत्र लिहिलं. त्यात त्याने सत्तर वर्षांचा आकडा दिला. मिस्टर म्हणतील, बघ, आकडा आहे! आहेच. पण पत्र हातात पडलं तेव्हा तिशीत असलेल्या माणसाला सत्तर वर्षांचा काय उपयोग? म्हणून त्या पत्रात आकड्याच्या आधी हे आहे: घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. बायका करा, मुलांना बायका करून द्या, मुलींना नवरे करून द्या. ज्या शहरात मी तुम्हाला नेलंय त्याचं कल्याण पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहराचं! सहावं वचन, ताई. मुलींची लग्नं. राष्ट्रं उलथीपालथी होत असताना, मंदिर पडायच्या बेतात असताना, राष्ट्रांचा देव मुलींच्या लग्नाची आठवण करतो, आणि पाचव्या वचनात स्लॅबचीसुद्धा.

तेव्हा असं करा. भांडण नको, "तुमचं चुकतंय" नको. रात्री कुटुंबप्रार्थनेत एकोणतिसावा अध्याय त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. देवभीरू माणूस, वाचन चांगलं असेल. सहाव्या वचनावर थांबू द्या. काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पाहुण्यांचा फोन नंबर आणि कॅलेंडर पुढे ठेवा. माझा अंदाज आहे ते तारीख काढतील. तारखा काढायची त्यांना हौस आहेच, एखादी उपयोगाची काढू देत. तरी नाहीच म्हणाले, तर मुलीचा मामा असेल त्याला मध्ये घ्या आणि साखरपुडा उरका. युद्धं चालू असतानाही लोकांची लग्नं होत आलीत. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून कुठल्या चॅनेलला दानं पाठवलीत का तेवढं बँकेच्या पासबुकात शांतपणे बघा. पाठवत असतील तर मला पुन्हा लिहा, तो विषय वेगळा. आणि रात्र-रात्र झोप नाही, जेवण सुटलंय, कुणी मागावर आहे असं बोलणं, यातलं काही दिसलं तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही गाठा, उशीर करू नका.

मुलालाही माझा निरोप. "थोतांड" हा शब्द त्याने मागे घ्यावा. पिलातासमोर उभं राहून प्रभू म्हणाला होता, तुला वरून दिलं नसतं तर माझ्यावर तुझा काहीच अधिकार चालला नसता. हात बांधलेला माणूस रोमी सुभेदाराला हे सांगतो. पप्पांनी त्याच वाक्याचा वेडावाकडा नकाशा काढलाय, पण वाक्य खरं आहे. कार्यालयातला साहेब, गावातला पुढारी, घरातला कर्ता पुरुष, मंडळीतला पाळक, सगळ्यांना ते लागू होतं. पुण्याहून आला की बापाबरोबर एक दिवस बसून ती वही त्याने नीट बघावी. दोन वर्षांत त्यांना कुणी "काय लिहिलंय, दाखवा" असं विचारलंय का?

राहिली तुमची चूल. ताई, वही जाळू नका. यहोयाकीम राजाने यिर्मयाची गुंडाळी जाळली होती. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी. तीन-चार स्तंभ वाचून झाले की चाकूने कापायचे आणि विस्तवात टाकायचे, असं करत सगळी संपवली. यिर्मयाने बारूखाला बोलावून ती पुन्हा पहिल्यापासून लिहून घेतली, आणि शास्त्रात पुढे स्पष्ट म्हटलंय की तीत आणखी बरीच भर घातली. तुमचे मिस्टरही दुसरी वही आणतील, तीनशे पानी.

सलाम,
तुमचा पाळक